लाखात एक लॅव्हेंडर

३ मार्च
आजपासून रोजनिशी. टेबलावर पेन पडलेला होता तो उचलला आणि बसलो. शुभस्य वगैरे.

कारण असं की आयुष्यात काहीतरी मोठं घडणार आहे आणि त्याची नोंद कुठेतरी असावी. काय घडणार ते अजून ठरलेलं नाही. पण घडायला हवं आहे, कारण मालकाने मशीन मागवायचं ठरवलंय.

मी रंगाच्या दुकानात शेड जुळवतो. गिऱ्हाईक भिंतीचा टवका आणतं, पडद्याचा तुकडा आणतं, एकदा एका बाईंनी नवऱ्याचा शर्ट आणला होता (नवरा आत होता). मी डोळ्यांनी बघतो आणि पांढऱ्या बेसमध्ये थेंब थेंब रंग टाकून तंतोतंत तीच शेड काढून देतो. सव्वीस वर्षं झाली. बाजारात मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही, ‘शेडकार्ड’ म्हणतात. आणि आता म्हणे एक डबडं येणार, ते टवक्यावर ठेवायचं, ते ‘टीं’ करणार आणि रंग सांगणार.

मालकाला म्हटलं, नजरेला पर्याय नसतो. मालक म्हणाले, अहो तुमच्या मदतीलाच आहे. मदत! मी कधी मागितली?

संकल्प: महिन्याभरात सगळ्यांना पटेल असं काहीतरी करून दाखवायचं.

५ मार्च, संध्याकाळी
घडलं.

घरी येताना शोभेच्या माशांच्या दुकानात शिरलो. तसं कारण नव्हतं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे हल्ली फार डोळ्यांवर येतात (आजकालचे बल्बच वाईट), म्हणून जरा आडोशाला गेलो. मागच्या थंड खोलीत एका पेटीत तो बसलेला होता. अ‍ॅक्सोलॉटल. मासा नाही, पाल नाही, बेडूक नाही. चार पाय, लांब शेपूट, डोक्याला दोन्हीकडून पिसांसारखे कल्ले, आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. जन्मभर पाण्यातच राहतो आणि जन्मभर पोरच राहतो.

आणि रंग! मी जागच्या जागी थबकलो. लॅव्हेंडर. शुद्ध, करडी झाक असलेला लॅव्हेंडर.

दुकानदाराला म्हटलं, हा लॅव्हेंडर आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, वा साहेब, काय नजर आहे, लाखात एक असतो. म्हणजे बघा, त्याने सांगायच्या आधी मी ओळखला! त्याला ठाऊक असूनसुद्धा त्याने पाटी लावली नव्हती. पारखी माणसाची वाट बघत असणार.

लगेच सांगून ठेवला. रविवारी न्यायचा.

ता.क. पेटीवर मंद जांभळट दिवा होता. मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो की दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवू नका, नमुना घरी न्या, उजेडात बघा, मग या. पण तो नियम भिंतींना. जिवंत प्राण्याचा रंग आतून येतो.

८ मार्च, रविवार
आणला. काचेची टाकी, फिल्टर, थर्मामीटर, सगळं घेऊन वर चढताना जिन्यात दोनदा थांबलो. पायऱ्यांच्या कडा नीट दिसत नाहीत. जिन्यातला बल्ब बदलायला सांगितलं पाहिजे.

टाकी खिडकीशी ठेवली. बायकोला आणि मुलीला हाक मारली, म्हटलं, बघा, लॅव्हेंडर.

दोघी बघत राहिल्या. बराच वेळ. मुलगी काहीतरी बोलणार होती, पण बायकोने तिच्या दंडाला हात लावला. भारावून गेल्या होत्या. मग बायको म्हणाली, हसतोय छान. मुलीने त्याचं नाव ‘चिखल्या’ ठेवलं. तळाला बसून राहतो म्हणून असेल. मी ‘लॅव्हेंडर’च म्हणणार.

११ मार्च
ह्याला थंड पाणी लागतं. कोमट पाण्यात ह्याचा जीव जातो. दुकानदाराने हे पैसे घेतल्यावर सांगितलं.

सकाळपासून फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडत बसलो. एक वितळते तोवर दुसरी. तेवढ्यात दुकानाची वेळ झाली. बायकोला समजावून गेलो. ती घरी शिवणकाम करते, कपडे आखूड करणं, सैल करणं, चेन बसवणं. म्हणजे घरातच असते, तिला काय जड आहे? ती म्हणाली, मशीनवरून दर वीस मिनिटांनी उठले तर शिवू कधी?

त्यावर उपाय सापडला आहे. बेडरूममध्ये एसी आहे.

१३ मार्च
टाकी बेडरूममध्ये. एसी सोळावर. पाणी उत्तम. लॅव्हेंडर खूश. बायको स्वेटर, मोजे आणि कानटोपी घालून झोपते. तिला थंडी जरा जास्तच वाजते, आधीपासूनच.

१४ मार्च
बायको हॉलमध्ये झोपायला गेली.

१७ मार्च
त्याला गांडुळं लागतात. जिवंत. थंडीत टिकतात म्हणून डब्यात ओली माती घालून फ्रीजमध्ये ठेवली. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘खाऊ नये’ लिहिलं.

मुलीच्या मैत्रिणीने वाचलं आणि म्हणूनच उघडलं. किंचाळली. मुलीने आईला सांगते म्हणून धमकी दिली, तीही मला. म्हटलं, शिस्त हवी, दुसऱ्याच्या फ्रीजमध्ये हात घालू नये. गांडुळं बटरच्या शेजारी होती हे खरं आहे. उद्यापासून खालच्या कप्प्यात.

१९ मार्च
दातांच्या दवाखान्यातून तक्रार. परवा त्यांच्या वेटिंग रूमच्या भिंतीला पॅच मारायला मी क्रीम काढून दिला होता. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या की क्रीम भिंतीवर निळसर चौकोन दिसतोय, पेशंट विचारतात ही खिडकी होती का.

म्हटलं, तुमचं प्लास्टर ओलं असेल. त्या म्हणाल्या, प्लास्टर बारा वर्षांचं आहे. म्हटलं, मग जुनं असेल.

ह्या महिन्यातली ही तिसरी. सगळ्यांना निळंच दिसतं. लोकांच्या घरातले दिवे बिघडलेत. हे सगळे पांढरेफटक स्वस्त दिवे. ह्यावर कोणीतरी लिहिलं पाहिजे. मीच लिहीन.

२३ मार्च
एक बरी गोष्ट. लग्नापासून बायको धागा जुळवायला मलाच विचारायची. कापड घेऊन यायची, मी रिळांच्या डब्यातून बरोबर रीळ काढून द्यायचो, तिने कधी दुसऱ्यांदा बघितलं नाही. हल्ली ती विचारतच नाही. स्वतः घेते, खिडकीशी जाते, ठरवते. शेवटी इतक्या वर्षांत माझी शिकवण तिच्या अंगात मुरली म्हणायची. मी तिला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, हो.

मग डोळे पुसत होती. शिवणाचं बारीक काम, डोळ्यांना त्रास होतोच. तिला म्हटलं, एकदा डोळे तपासून घे. ती म्हणाली, तुम्ही येता का बरोबर, दोघांचे तपासून घेऊ. म्हटलं, मला काय झालंय?

२९ मार्च
मशीन आलं. फ्रीजएवढं. शेजारी तळहातात मावेल असं स्कॅनर. बसवायला आलेला माणूस टाय घालून होता. त्याने माझ्या शर्टावर स्कॅनर टेकवला, टीं झालं, आणि म्हणाला, सर तुमचा शर्ट फिकट जांभळा. सगळे हसले. शर्ट राखाडी आहे. सहा वर्षं तो मी राखाडी म्हणून घालतोय. मालकांना म्हटलं, बघा, पहिल्याच फटक्याला चुकलं. मालक हसले नाहीत.

घरी आल्यावर लॅव्हेंडरसमोर बसलो. त्याला बघितलं की शांत वाटतं. मग उठलो, पाण्याचं तापमान बघितलं, परत बसलो. परत उठलो. आज दिवसभर हे असंच चाललंय. पायांना एका जागी बसवत नाही.

२ एप्रिल
कोणीतरी कोट शिवायला दिला होता, अस्तर उसवलेला. तपकिरी. बायको बाहेर गेली होती, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. म्हटलं, मदत करू. तपकिरी रीळ काढून मशीनवर टीप मारून ठेवली. टीप मला येते.

ती आली, कोट बघितला. मी अंघोळीहून आलो तर ती सगळी टीप उसवत बसलेली. म्हटलं, काय झालं? म्हणाली, जरा सैल होती.

आता टाकेसुद्धा तिला पसंत पडत नाहीत. वय होतं तसं माणूस हट्टी बनत जातं.

५ एप्रिल
मोठी कल्पना. लॅव्हेंडरच्या मागची भिंत पांढरी आहे. पांढऱ्यावर त्याचा रंग उठत नाही. म्हणूनच पाहुणे आले की ‘हो का’ एवढंच म्हणून गप्प बसतात. भिंत त्याच्याच रंगाची पाहिजे. तंतोतंत. माझ्या डोळ्यांनी जुळवलेली. मशीन करेल का हे? त्याला पाण्यात बुडवावं लागेल!

ह्याचं प्रदर्शन मांडायचं. मालकांना घरी बोलवायचं. एका भिंतीत माझी सगळी कारकीर्द.

६ एप्रिल
बेस घरी आणला. टाकीसमोर बसून थेंब थेंब टाकत गेलो. सुरुवातीला काही केल्या येईना. जांभळा टाकतोय, टाकतोय, पण ती झाक उठतच नाही, सगळं मातकट दिसतं. हल्ली कंपन्या टिंटमध्ये पाणी घालतात. शेवटी बाटली संपवली तेव्हा कुठे तो नाजूक लॅव्हेंडर आला. हुबेहूब.

७ एप्रिल
भिंत रंगवली. दोन हात. सुंदर.

मुलगी कॉलेजातून आली, दारात थांबली आणि तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग बायकोला आत घेऊन गेली. आतून कुजबुज. मुलीचा आवाज चढला, असं किती दिवस करणार आहोत आपण, असं काहीतरी. बायको म्हणाली, थांब, मी बघते.

शेजारच्या काकू मिक्सरचं भांडं परत द्यायला आल्या होत्या. बघून म्हणाल्या, अगबाई, वांगी कलर. काकूंना रंगातलं काही कळत नाही. त्यांच्या हॉलला पिस्ता आहे.

१२ एप्रिल
दुकानदाराकडे गेलो. जोडी लावायची आहे. लॅव्हेंडर घराणं सुरू करायचं, पिल्लं जाणकारांनाच द्यायची, वेटिंग लिस्ट ठेवायची. मशीन काय करेल ते करो, माझा नवा व्यवसाय.

त्याच्या मागच्या खोलीत आता पांढरा दिवा आहे. जांभळा कुठे गेला म्हणून विचारलं तर म्हणाला, उडाला. मी त्याला फोनमधला फोटो दाखवला. त्याने फोन जवळ घेतला, लांब धरला, मग म्हणाला, साहेब, कसं असतं, लॅव्हेंडर मोठा झाला की कधीकधी मातकट होत जातो, तो आमचा दोष नाही.

म्हटलं, माझा झालेलाच नाही! पहिल्या दिवशी होता तसाच आहे! तो म्हणाला, हो, ते आहे. आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. जो विकतो त्यालाच माल ओळखता येत नाही. अशा लोकांच्या हातात हा धंदा आहे.

जोडीसाठी दुसरीकडे बघावं लागेल.

१५ एप्रिल
सकाळपासून घालमेल. कामावर जाताना रस्त्यातून दोनदा परत आलो, एकदा एसी चालू आहे ना बघायला, एकदा असंच. लॅव्हेंडर तिथेच. कल्ले हलवतोय. माझ्याकडे बघून हसतोय, पण तो भिंतीकडे बघूनही तसाच हसतो.

टाकी खिडकीकडून थोडी अलीकडे घेतली. मग पलीकडे. उजेडात त्याचा रंग दबतो. अंधारात सगळंच दबतं. संध्याकाळच्या एका ठरावीक वेळी, मान जरा तिरकी केली की स्पष्ट दिसतो. तेव्हा मात्र शंकाच नाही.

शंका मला तशी कधीच नव्हती. का लिहिलं हे?

२१ एप्रिल
आज सामना. मीच मागितला होता. मालकांनी तीन नमुने ठेवले, एक टाइल, एक गाडीच्या पत्र्याचा तुकडा, एक बाळाचं झबलं. मी आणि मशीन, दोघांनी तिन्हीचे रंग काढायचे, वाळल्यावर शेजारी शेजारी लावायचे.

मशीनने तिन्ही आधी संपवले. पण घाईत काय विशेष?

निकाल मालकांनी दुकानाबाहेर उन्हात बघितला. बघून आत आले. म्हटलं, काय? म्हणाले, ठीक आहे हो. म्हटलं, झबल्याचं? म्हणाले, झबलं गुलाबी होतं.

मी गुलाबीच काढला होता. त्यांना माझा जांभळट वाटला. बाहेर ऊन फार कडक होतं, उन्हात कोणालाही काहीही वाटेल. ह्या निकालात माझ्या मते दीड गुण माझा.

२८ एप्रिल
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला.

म्हणाले, थोडे दिवस तुम्ही ब्रश, रोलर, सँडपेपर बघा, शेडचं काउंटर थोडे दिवस राहू दे. थोडे दिवस हे तीनदा म्हणाले. मग म्हणाले, एकदा डोळे दाखवून या, खर्च दुकान करेल. म्हटलं, माझ्या डोळ्यांना काय झालंय? सगळ्या गावाला निळं दिसतंय, त्यांचे दाखवा!

आवाज चढला माझा. बाहेर गिऱ्हाइकं ऐकत होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात माझा आवाज चढला. घरी येताना लाज वाटली. मग राग आला. मग पुन्हा लाज.

बायकोने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली आहे म्हणे. आधीच घेतलेली होती. मार्चमध्येच दोनदा घेतली होती आणि दोनदा रद्द केली. मला न विचारता! जाणार नाही.

२ मे
सँडपेपर. नंबर मागे छापलेले असतात. तेही बारीक छापतात हल्ली.

आज एक बाई शेड जुळवायला आल्या आणि सवयीने थेट माझ्याकडे आल्या. हातात त्यांच्या दाराचा टवका. मी हात पुढे केला होता. मग त्यांना पलीकडे बोट दाखवलं. मशीनने टीं केलं.

त्यांनी विचारलं, तुम्ही आता नाही करत का? म्हटलं, थोडे दिवस.

३ मे
आता एकच मार्ग. मालकांना पुढच्या रविवारी चहाला बोलावलं आहे. भिंत आणि लॅव्हेंडर एकत्र बघितले की बोलायचंच काही राहणार नाही. ते स्वतः म्हणतील, उद्यापासून तुमच्या काउंटरला या. मी लगेच हो म्हणायचं नाही. जरा विचार करतो म्हणायचं. मग हो.

ह्या आठवड्यात करायचं: टाकीची काच व्हिनेगरने पुसणं. लॅव्हेंडरला भरपूर खाऊ घालणं, म्हणजे तरतरीत दिसेल. मुलीला ताकीद की पाहुण्यांसमोर चिखल्या म्हणायचं नाही.

१० मे, रविवार, सकाळी
सगळं तयार. तीनदा पाणी तपासलं. पडदे उघडले, बंद केले, अर्धे उघडले. बायको म्हणाली, बसा जरा. बसलो. उठलो.

बायकोने विचारलं, त्यांना दाखवायलाच हवं का? म्हटलं, म्हणजे काय! तुला कळत नाही, आज माझ्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न आहे. ती म्हणाली, कळतं म्हणून विचारतेय.

१० मे, दुपारी
मालक आले. बेडरूममध्ये नेलं. एसीमुळे त्यांनी हात काखेत घातले. मी पडदा पूर्ण उघडला. म्हटलं, बघा.

त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग टाकीकडे. मग परत भिंतीकडे. विचारलं, हा रंग तुम्ही काढलात? म्हटलं, नुसत्या डोळ्यांनी. विचारलं, आणि हा प्राणी ह्याच रंगाचा आहे? म्हटलं, तंतोतंत! तुमच्या मशीनला जमेल का सांगा!

ते बायकोकडे बघायला लागले. बायको जमिनीकडे. मी मुलीला म्हटलं, सांग ना साहेबांना, किती जणांना आश्चर्य वाटलंय.

मुलगी रडायला लागली. मला कळेना. म्हणाली, बाबा, तो तपकिरी आहे. पहिल्या दिवसापासून तपकिरी आहे. चिखलाच्या रंगाचा. आणि ही भिंत जांभळीभडक आहे. आईने सांगितलं होतं, बोलायचं नाही, तुमची नजर गेलीय हे तुम्हाला कोणी सांगायचं नाही, तुम्ही ते सहन करू शकणार नाही.

फिल्टरचा आवाज येत होता. मालक म्हणाले, चहा राहू द्या. मग म्हणाले, नाही, देऊनच टाका. आणि आमच्या पलंगावर बसून, थंडीत कुडकुडत, सगळा चहा प्यायले. एवढ्या वेळात माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

१० मे, संध्याकाळी
कट आहे. घरातलेच सामील आहेत. त्यांना मशीनवाल्यांनी फितवलंय.

१० मे, थोड्या वेळाने
मशीनवाले आमच्या घरी कशाला येतील.

११ मे
दुकानात गेलो नाही. घरातलं जुनं शेडकार्ड काढलं. पट्ट्या कापून नावं मागच्या बाजूला राहतील अशा मांडल्या. मुलीला म्हटलं, मी ह्या लावतो, तू तपास. हे काम मी झोपेतसुद्धा करू शकतो, नवीन आलेल्या लोकांना मीच शिकवायचो.

तपकिरी एका बाजूला, जांभळे दुसऱ्या बाजूला, राखाडी मध्ये. सावकाश लावले. एकेक पट्टी खिडकीशी नेऊन. पूर्ण खात्री झाल्यावरच.

मुलीने मागून नावं वाचली. वाचता वाचता थांबली. म्हटलं, वाच. म्हणाली, नको बाबा. म्हटलं, वाच. तिने सगळी वाचली. जांभळ्यांत तपकिरी, राखाड्यांत जांभळे. हिरवे तर मी लावलेच नव्हते, पण दोन निघाले.

मी म्हटलं, कार्ड जुनं आहे, उडाले असतील रंग. ती म्हणाली, हो बाबा. तिच्या आईसारखंच म्हणाली.

मग मी पुन्हा लावले. पुन्हा तसंच. पुन्हा लावायला घेतले तेव्हा बायकोने येऊन पट्ट्या गोळा केल्या आणि माझ्या चपला आणून ठेवल्या.

१३ मे
डोळ्यांचे डॉक्टर. परवा जाऊन आजची वेळ घेतली होती. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. म्हणाले, तुमच्या डोळ्यांपुढे चहाच्या रंगाची काच आहे असं समजा. वर्षावर्षाने गडद होत गेली म्हणून तुम्हाला कळलीच नाही. निळा, जांभळा आधी जातात. जे दिसत नाही ते मन आपल्याकडचं भरून काढतं. विचारलं, व्यवसाय काय? बायको सांगणार होती. मी म्हटलं, सँडपेपर.

बरा होतो म्हणाले. काढून टाकतात. म्हटलं, रंग पहिल्यासारखे दिसतील? म्हणाले, बरेच चांगले दिसतील. पहिल्यासारखे म्हणजे कधीसारखे, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

बाहेर आल्यावर बायकोवर चिडलो. म्हटलं, इतके महिने माहीत असून का नाही सांगितलंस? ती म्हणाली, दोनदा वेळ घेतली, दोनदा तुम्ही मला काय झालंय म्हणालात. आणि रोज संध्याकाळी त्या टाकीपुढे बसून तुम्ही इतके खूश असायचात. दुकानातून आल्यावर दुसरं काही तुम्हाला खूश करत नव्हतं.

रस्ता ओलांडताना तिने दंड धरला. सोडवून घेतला नाही.

१४ मे, सकाळी
ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. आधी उजवा.

मालकांचा फोन आला होता. म्हणाले, मशीनने काढलेले रंगसुद्धा कोणीतरी डोळ्यांनी बघावे लागतात, बरे होऊन या. खरं असेल. नसेल. कोण माझ्याशी कधी खरं बोलतं हे मला आता ओळखता येत नाही, रंगांचं तर सोडूनच द्या.

एसी चालूच आहे. त्याचा काय दोष? तो कधी म्हणाला होता लॅव्हेंडर आहे म्हणून?

बायकोला म्हटलं, ये इकडे, नीट बघ आणि मला सांग कसा आहे. खरं सांग. ती स्वेटर घालून आली. चष्मा पुसला, खाली वाकली, वेळ घेतला, मी गिऱ्हाइकाच्या नमुन्यापुढे घ्यायचो तेवढा. मग सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. पाठ तपकिरी, ओल्या मातीसारखी. बाजूंना हिरवट. सगळीकडे काळे ठिपके. कल्ले काळपट लाल. आणि डोळ्यांभोवती बारीक सोनेरी कडा. ती कडा मला कोणीच सांगितली नव्हती. तीही म्हणाली, मलासुद्धा आज दिसली.

सगळं लिहून घेतलं. रंग: तपकिरी, साधा. लाखात एक नाही. शंभरात नव्वद असे असतात म्हणे.

ती तिथेच उभी होती, म्हणून वही झाकली. ती म्हणाली, वाचत नाहीये, पेनाकडे बघतेय. हा मुलीचा पेन मार्चपासून सापडत नव्हता, तिने सगळं घर उलथंपालथं केलं. म्हटलं, एका साध्या राखाडी पेनासाठी एवढं?

तिने पेन माझ्या हातातून घेऊन उजेडात धरला. मग म्हणाली, राखाडी नाही हो. जांभळा आहे. लॅव्हेंडर म्हणतात ना, अगदी तसा.